कार्गो ट्रेलरचा कॅम्पर: पुढे बिछाना, मागे मोटरसायकल

एन्क्लोज्ड कार्गो ट्रेलर म्हणजे चाकांवरची पेटी. आत माल जाणार हे धरून ती बनवलेली असते. माल श्वास घेत नाही, रात्री उकडतंय म्हणून उठत नाही आणि धूर झाला तर दाराकडे धावत नाही. माणूस हे सगळं करतो. मागे डर्ट बाइक ठेवून त्याचा टॉय हॉलर करायचा असेल तर आणखी एक गोष्ट आत येते, ती म्हणजे पेट्रोल. निजायची खोली आणि गॅरेज एकाच चार भिंतींत, असं हे घर आहे. ट्रेलर खरेदीपासून शेवटच्या स्क्रूपर्यंतचा प्रत्येक निर्णय या एका गोष्टीशी ताडून घ्यावा लागतो.

लेख अमेरिकेतल्या वाचकांसाठी आहे, म्हणून मापं फूट, इंच आणि पौंडातच ठेवली आहेत. प्लायची जाडी सुतात सांगितली तर आपल्याकडच्या माणसाला पटकन समजते: ट्रेलरच्या भिंतीला बहुधा तीन सुती प्लाय असतो आणि जमिनीला सहा सुती, म्हणजे पाऊण इंची.

आधी वजनाचा हिशेब

ट्रेलरच्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर छापलेला असतो. ट्रेलर आणि आतलं सगळं मिळून कमाल किती वजन चालेल, तो हा आकडा. तुमच्या वाट्याला येतं ते त्यातून रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा करून उरलेलं.

६ बाय १२ फुटी, एका अ‍ॅक्सलच्या ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर बहुधा २,९९० पौंड असतो. हा आकडा असा अर्धवट का? अनेक राज्यांत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, म्हणून कारखाना दहा पौंड अलीकडेच थांबतो आणि ब्रेकचा खर्च वाचवतो. कॅलिफोर्नियात कॅम्प ट्रेलरसाठी तर ही मर्यादा १,५०० पौंडांवरच येते. ब्रेक नसलेला ट्रेलर कॅम्परसाठी घेऊच नका.

दोन बाइक, दोन माणसं आणि चार दिवसांचा मुक्काम धरला तर भर साधारण अशी पडते: इन्सुलेशन आणि पॅनेलिंग २५० पौंड, पलंग आणि कपाटं २५०, बॅटरी आणि वायरिंग १२०, छतावरचा एसी ९०, २० गॅलन पाणी १६७, दोन डर्ट बाइक ५००, हत्यारं, इंधन आणि हेल्मेट-बूट २००, कपडे आणि खाणंपिणं २५०. बेरीज १,८२७ पौंड. ६ बाय १२ चा ट्रेलर रिकामाच साधारण १,३०० पौंडांचा, म्हणजे उरतात १,६९०. इथेच गणित फसलं. ७ बाय १६ चा, ३,५०० पौंडांच्या दोन अ‍ॅक्सलचा आणि ७,००० जीव्हीडब्ल्यूआरचा ट्रेलर रिकामा २,७०० पौंडांच्या आसपास भरतो. त्यात हेच सामान टाकलं तर एकूण ४,५०० च्या थोडं वर जातं आणि टायर-अ‍ॅक्सल सुखात राहतात. पुढे सगळीकडे हाच ७ बाय १६ धरला आहे. साइड-बाय-साइड (दोघं शेजारी बसतात ती चारचाकी ऑफ-रोड गाडी) न्यायची असेल तर साडेआठ फूट रुंद आणि निदान २० फूट लांब ट्रेलर बघा.

आता ओढणाऱ्या गाडीकडे या. बहुतेक जण फक्त ‘टो रेटिंग’, म्हणजे गाडी किती वजन ओढू शकते तो आकडा, बघतात आणि अडकतात भलतीकडेच. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार कपलरमधून (ट्रेलरच्या पुढच्या दांड्याच्या, म्हणजे टंगच्या, टोकाची पकड) गाडीच्या मागच्या जोडणीच्या बॉलवर यायला हवा; हेच टंगचं वजन. साडेचार हजारांच्या ट्रेलरला तो ४५० ते ६७५ पौंड होतो. हा भार गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडीवर लादता येणाऱ्या वजनातून, जातो आणि पेलोडचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. स्टिकरवर १,२०० पौंड आहे, गाडीत चार माणसं मिळून ६०० पौंड बसली आणि टंगचे ६०० आले, तर डिकीत पाण्याची बाटली ठेवायलाही जागा उरली नाही. टो रेटिंग ७,००० असलं तरीही.

अ‍ॅक्सलच्या पुढे काय, मागे काय

टंग हलकी झाली की ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो. ६० मैलांच्या वेगात एकदा डुलायला लागलेला ट्रेलर सावरणं फार कठीण. टॉय हॉलरमध्ये हा धोका जास्त, कारण बाइक मागच्या दारापाशी, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मागे उभ्या असतात.

हिशेब सी-सॉचाच आहे. कपलरपासून दोन अ‍ॅक्सलच्या मधल्या बिंदूपर्यंत १३ फूट अंतर धरा. ५०० पौंडांच्या बाइक त्या बिंदूच्या ४ फूट मागे असतील तर टंगवरून ५०० गुणिले ४ भागिले १३, म्हणजे सुमारे १५४ पौंड कमी होतात. पाण्याची २० गॅलनची टाकी ६ फूट पुढे ठेवली तर १६७ गुणिले ६ भागिले १३, म्हणजे ७७ पौंड वाढतात. म्हणून बॅटरी, पाणी, ओटा असलं जड सामान पुढे ठेवायचं. पण टाकी रिकामी झाल्यावर ते ७७ पौंडही जातात. तेव्हा बाइक आत आणि टाकी रिकामी, या सगळ्यात वाईट स्थितीतही टंग १० टक्क्यांच्या वर राहील अशी मांडणी कागदावर आधी करून बघा.

ट्रेलर निवडताना

नवा मागवत असाल तर जमिनीखालच्या आडव्या दांड्या, भिंतीतले स्टड (उभे खांब) आणि छताच्या कमानी, तिन्ही १६ इंचांवर मागा. स्वस्त ट्रेलरमध्ये ते अंतर २४ इंच असतं. आतली उंची ७ फूट घ्या. सव्वासहा फुटी ट्रेलरमध्ये छत आणि जमीन मिळून दोन-तीन इंच गेले की उंच माणसाचं डोकं कायम वाकलेलं. छत एकसंध अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, दोन्ही अ‍ॅक्सलला इलेक्ट्रिक ब्रेक, मागे रॅम्प, पुढे व्ही-नोज (तिकोनी नाक) आणि एसीसाठी छतात जादा आधार, हे पर्याय कारखान्यातूनच घेतलेले बरे. छताचा आधार नंतर वेल्ड करायला गेलात तर पत्र्याचा रंग जळतो.

जुना घेताना आधी बघायचे ते कोपरे. जमिनीच्या चारही कोपऱ्यांत आणि रॅम्पच्या बिजागरीपाशी स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. टोक आत रुतलं तर प्लाय कुजलाय. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचे टायर नक्षी कितीही कोरी दिसली तरी बदला, कारण ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने आणि उभं राहून मरतात.

कामाचा क्रम

क्रम चुकला तर केलेलं काम पुन्हा उकलावं लागतं. पहिलं काम, गळती शोधणं. एकाने छतावर आणि कडांवर पंधरा मिनिटं पाण्याचा पाइप धरायचा, दुसऱ्याने आत टॉर्च आणि खडू घेऊन बसायचं. ओल दिसेल तिथे खूण करा आणि पुढची कुठलीही गोष्ट करण्याआधी ते सांधे बंद करा. भिंतीत फोम भरल्यावर हीच गळती सापडायला दोन वर्षं लागतात आणि सापडते ती वासाने.

मग रिकाम्या जमिनीवर चिकटपट्टीने आखणी. १६ फूट म्हणजे १९२ इंच. डर्ट बाइक सुमारे ८६ इंच लांब असते, तिला ९० द्या. आडव्या पलंगाला ५४ इंच. उरतात ४८ इंच, त्यात बाजूचं दार, ओटा आणि उभं राहायची जागा. व्ही-नोजमधली २४ इंचांची तिकोनी जागा सामानाला वेगळी मिळते. ७ फुटी ट्रेलरची आतली रुंदी ८० इंचांच्या आसपास असते आणि इन्सुलेशननंतर ७९ उरते, तेव्हा सव्वासहा फुटापर्यंतचा माणूस आडवा निजू शकतो. आखून झाल्यावर बाइक खरोखर आत चढवा, पट्टे बांधल्याचा अभिनय करा, बाजूच्या दाराने बाहेर पडून बघा. हँडल एकमेकांत अडकतात हे बहुतेकांना इथेच समजतं; एक बाइक तोंड पुढे आणि दुसरी तोंड मागे करून उभी केली की जमतं.

पलंग मागे, बाइकच्या वर, दोऱ्यांनी उचलायचा असाही प्रकार असतो. जागा वाचते खरी, पण पहिल्या ट्रेलरला पुढचा पक्का पलंगच बरा. एक तर चुकायला कमी जागा, आणि दुसरं म्हणजे झोपलेला माणूस बाजूच्या दाराजवळ राहतो.

त्या दाराबद्दल. कार्गो ट्रेलरच्या बाजूच्या दाराला बऱ्याचदा बाहेरून आडवा दांडा असतो. बाहेरून कुणी तो सरकवला की आतला माणूस कोंडला. दांडा काढून टाका आणि आतून उघडणारं आरव्हीचं (राहण्याची सोय असलेल्या गाड्यांचं) कुलूप बसवा. मागचा रॅम्प तर आतून उघडतच नाही, म्हणून पलंगापाशी दुसरी वाट हवी: माणूस निघेल एवढी, एका हिसक्यात उघडणारी इमर्जन्सी खिडकी. यात काटकसर करू नये.

पत्र्याला भोक पाडताना

भिंतीचे प्लाय काढा, पाठीवर नंबर टाका, बाजूला ठेवा. छताचा पंखा, खिडक्या, विजेची जोडणी, हीटरचे पाइप यांची सगळी भोकं इन्सुलेशनच्या आधी.

छतावरच्या पंख्याचं भोक १४ बाय १४ इंच, हे माप जवळजवळ सगळ्या आरव्ही पंख्यांना सारखंच. दोन कमानींच्या मधली जागा निवडा. कमान कापायची नाही. आतून चार कोपऱ्यांत भोकं पाडा, म्हणजे वर चढल्यावर चौकोन नेमका सापडतो. जिगसॉच्या तळाला चिकटपट्टी लावा, नाहीतर रंगावर ओरखडे उठतात. धातूचं बारीक दातांचं पातं घ्या आणि कापत आलेला चौकोन वरून टेपने धरून ठेवा, नाहीतर शेवटच्या इंचात तो खाली झुकून पत्रा फाडतो. कडा कानशीने घासा. मग छतावरचा आणि जमिनीवरचा कीस झाडून घ्या, पत्रा लोखंडी असेल तर शक्यतो चुंबकानेही. राहिलेला लोखंडी कीस पहिल्याच पावसात गंजतो आणि पांढऱ्या पत्र्यावर तांबूस ठिपके उठतात.

पत्रा स्क्रू धरून ठेवण्याइतका जाड नसतो. म्हणून भोकाच्या चारही बाजूंना आतून १ बाय २ ची लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट द्या, कमानींना टेकवून. पंख्याच्या कडेखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), त्यावर स्टेनलेसचे स्क्रू, आणि ते समोरासमोर थोडेथोडे आवळायचे. टेप चहूबाजूंनी सारखी बाहेर पिळली गेली म्हणजे बसली. जादा टेप दुसऱ्या दिवशी कापा आणि कडेवर व स्क्रूंच्या डोक्यांवर आपोआप पसरणारा लॅप सीलंट घाला. एका पंख्याला एक नळी लागते. उभ्या भिंतीवर हा सीलंट ओघळतो, तिथे न वाहणारा प्रकार घ्या. साधं सिलिकोन छतावर आणूच नका. ते स्वतः काही वर्षांत सुटतं आणि त्याच्या पुसट थरावर नंतर दुसरं काहीच चिकटत नाही, मग दुरुस्तीला पत्रा खरवडत बसावं लागतं.

खिडक्यांचं तंत्र हेच. फक्त दोन लागोपाठचे स्टड कापू नका आणि कापलेल्या स्टडच्या जागी वर-खाली आडवी पट्टी द्या. खिडकी मागवताना भिंतीची पूर्ण जाडी, म्हणजे पत्रा, फोम आणि प्लाय मिळून, मोजून कळवा. आतली रिंग त्या जाडीप्रमाणे येते.

इन्सुलेशन, अर्थात घामाशी लढाई

दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून साधारण लिटरभर पाणी हवेत सोडतात. थंड पत्र्यावर ते दव होऊन बसतं आणि प्लायमागे झिरपतं. सकाळी उशी ओली लागली की छत गळतंय असं वाटतं. बहुतेक वेळा तो आपलाच श्वास असतो.

एक्सपीएस फोमची पाटी घ्या, गुलाबी किंवा निळी. इंचाला आर-५ मिळतो (आर हे उष्णता अडवण्याचं माप), म्हणजे दीड इंचाच्या भिंतीत साडेसात. काचेचा लोकर-प्रकार ओल धरून खाली बसतो. चंदेरी बुडबुड्यांचा कागद पत्र्याला थेट चिकटवला तर नावापुरताच उरतो, त्याला समोर हवेची पोकळी लागते. आणि फोममधून उष्णता जाते त्याच्या हजारपटीहून जास्त सहज ती लोखंडी स्टडमधून जाते. म्हणून नुसत्या पोकळ्या भरून भागत नाही. स्टडच्या वरून अर्धा इंची फोमचा सलग थर द्या आणि मगच प्लाय चढवा. दोन्ही भिंती मिळून एक इंच रुंदी जाते, ती जाऊ द्या.

७ बाय १६ ला भिंती, छत, पुढचं नाक आणि रॅम्प मिळून पोकळ्या भरायला ४ बाय ८ च्या १४ पाट्या लागतात. वरच्या सलग थराला अर्धा इंची तेवढ्याच. पाट्या पोकळीपेक्षा पाव इंच लहान कापा आणि फट फवाऱ्याच्या फोमने भरा. इथे नेहमीची चूक म्हणजे मोठ्या फटींसाठीचा जोरात फुगणारा फोम. तो पत्र्याला बाहेर ढकलतो आणि नव्याकोऱ्या ट्रेलरच्या अंगावर गळवं आल्यासारखं दिसतं, ती परत बसत नाहीत. दारं-खिडक्यांसाठीचा, कमी फुगणारा फोम वापरा. पाट्या चिकटवायच्या असतील तर डब्यावर फोमला चालतो असं लिहिलेलाच गोंद घ्या; सॉल्व्हंटचा गोंद एक्सपीएस वितळवतो. आणि एक इंचही फोम उघडा सोडायचा नाही: तो पेटला की विषारी धूर करतो.

इतकं करूनही रात्री पंखा सर्वात कमी वेगावर आणि एक खिडकी बोटभर उघडी लागतेच. हिवाळ्यातही.

जमीन आणि बांधणी

बाइक उलटली तर ती पलंगावरच पडणार, हे डोळ्यांसमोर ठेवून ही पायरी करा. नुसत्या प्लायमध्ये स्क्रूने बसवलेली डी-रिंग (पट्टा अडकवायची कडी) पहिल्या मोठ्या खड्ड्याला प्लायच्या तुकड्यासकट निघते. एल-ट्रॅक (कडी हवी तिथे सरकवून अडकवता येते अशी पट्टी) किंवा डी-रिंग जमिनीखालच्या लोखंडी दांडीत बसवा. दांडी नसेल तिथे तीन सुती बोल्ट आरपार घालून खालून ३ इंची लोखंडी पट्टी द्या. ड्रिल फिरवण्याआधी ट्रेलरखाली जाऊन बघा. ब्रेकची वायर नेमकी तिथूनच गेलेली असते.

प्रत्येक बाइकला जमिनीला बोल्ट केलेला व्हील चॉक (पुढचं चाक धरून ठेवणारा खाचा) आणि चार पट्टे. पुढचे दोन हँडलपासून पुढे-खाली ४५ अंशांत, मागचे दोन मागे-खाली. पुढचं सस्पेंशन साधारण एक तृतीयांश दबेल इतकंच आवळा. पूर्ण दाबलं तर फोर्कच्या सीलमधून तेल येतं, अगदी सैल ठेवलं तर खड्ड्यात हूक सुटतो. पट्ट्यावर दोन आकडे असतात. मोठा तुटण्याचा, तो विसरा. कामाचा भार त्याच्या एक तृतीयांश असतो.

उघडा प्लाय तेल आणि पेट्रोल पितो आणि वास महिनोन्‌महिने जात नाही. बाइकच्या भागात गॅरेजचा दोन-भागी इपॉक्सी रंग वाळूचे कण टाकून द्या, कडेने सील करा.

पेट्रोलबरोबर राहणं

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून ती जमिनीलगत पसरते आणि छताच्या पंख्यापर्यंत सहज पोचत नाही. समोरासमोरच्या भिंतींत जमिनीलगत दोन झरोके द्या, उंदीर येणार नाहीत अशी जाळी लावून, आणि ते कधीही बंद करू नका. ठिणगी पडू शकेल अशी प्रत्येक वस्तू वर चढवा: इन्व्हर्टर, चार्जर, फ्रिज, रिले. घराच्या गॅरेजसाठी अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत १८ इंचांचा दंडक आहे, तोच इथे पाळा. जास्तीचे इंधनाचे डबे ट्रेलरमध्ये नकोत, पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात बांधा.

मुक्कामी पोचल्यावर आधी रॅम्प उघडायचा, बाइक बाहेर काढायच्या, अर्धा तास हवा खेळू द्यायची. हीटर, शेगडी, झोप हे सगळं त्यानंतर. बाइक आत ठेवून झोपायचं नाही, पाऊस असला तरी नाही. त्यांना आच्छादन घेऊन बाहेर साखळीने बांधा. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर पलंगाजवळ, प्रोपेन वापरत असाल तर त्याचा गजर जमिनीजवळ, आणि अग्निशामक दाराच्या आत हाताशी. तो मागे बाइकपाशी ठेवला तर आगीच्या पलीकडे जातो.

वीज

आधी दिवसाचा खर्च मांडा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ४० अ‍ॅम्पिअर-तास, पंखा १२, दिवे ४, पाण्याचा पंप १, फोन-लॅपटॉप १५; एकूण ७२. १०० अ‍ॅम्पिअर-तासांची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दिवसभर पुरते. २०० वॉटचं सोलर पाच तासांच्या चांगल्या उन्हात तोटा धरून साधारण ७५० वॉट-तास, म्हणजे ५८ अ‍ॅम्पिअर-तास भरतं. उरलेलं गाडी चालताना, गाडीच्या विजेवर ही बॅटरी भरणाऱ्या डीसी-डीसी चार्जरने भरा. सात पिनांच्या कनेक्टरमधली चार्जची वायर बारीक असते आणि ट्रेलरपर्यंत व्होल्टेज पडतं. २० अ‍ॅम्पिअरच्या चार्जरला ६ गेजची वेगळी वायर ओढा आणि दोन्ही टोकांना ४० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज द्या. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ७ इंचांच्या आत. ही बॅटरी गोठणबिंदूखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती आतच ठेवा, टंगवरच्या पेटीत नको.

कॅम्पग्राउंडची वीज ३० अ‍ॅम्पिअर, १२० व्होल्ट, म्हणजे ३,६०० वॉट. घरी तसाच सॉकेट बसवून घेताना इलेक्ट्रिशियनला १२० व्होल्ट असं लिहून द्या. ३० अ‍ॅम्पिअर ऐकून ड्रायरसारखं २४० जोडलं जाण्याची चूक नेहमीची आहे आणि ती एका क्षणात सगळी उपकरणं जाळते. ट्रेलरच्या आतल्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडायचे नाहीत, अर्थ मात्र लोखंडी चौकटीला पक्का जोडायचा, आणि सॉकेटच्या ओळीत पहिला जीएफसीआय, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा.

छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी दीड हजार वॉटच्या आसपास ओढतो. वरच्या बॅटरीवर तो तासभरही धड चालणार नाही. तो जोडणीवर किंवा जनरेटरवरच चालवायचा, आणि जनरेटर ट्रेलरपासून दूर, वारा धूर ट्रेलरपासून लांब नेईल असा.

हीटर, ओटा, पाणी

हीटर बाहेरची हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारा असावा. डिझेल हीटर बहुतेकांना परवडतो. त्याचा धुराचा पाइप जमिनीतून धातूच्या प्लेटमधून बाहेर काढा, प्लायपासून अंतर ठेवून, आणि तोंड ट्रेलरच्या कडेपर्यंत न्या. ते खालीच राहिलं तर तो धूर बाइकसाठी केलेल्या झरोक्यांतून आत येतो. उघड्या ज्योतीचा हीटर ओलही वाढवतो आणि या ट्रेलरमध्ये त्याला जागाच नाही.

स्वयंपाकाचं म्हणाल तर आपली फोडणी आत करायचीच नाही. मोहरी-हिंगाचा धूर चार बाय सात फुटांच्या जागेत दहा दिवस राहतो, तेलाचा थर पंख्याच्या पात्यांवर बसतो, आणि कुकरची प्रत्येक शिट्टी म्हणजे भिंतीवरचं दव. इंडक्शनचा मोह होतो, पण १,८०० वॉट १२ व्होल्टवर १५० अ‍ॅम्पिअर होतात आणि एका बॅटरीचा बीएमएस (आतलं संरक्षक सर्किट) बहुधा १०० ला बंद पडतो. बाजूच्या दाराबाहेर घडीचं टेबल, वर ऑनिंग (कापडी छप्पर), टेबलावर प्रोपेनची दोन बर्नरची शेगडी. आत चहापुरतं.

पहिल्या वर्षी टाकी-पंपाचं जाळं न करता ७ गॅलनचे दोन कॅन आणि पायाने चालणारा पंप ठेवा. हिवाळ्यात फुटायला पाइपच नसतो. २० गॅलनची टाकी वाटलीच तर पुढच्या हंगामात. शौचाला पोर्टेबल कमोड. सांडपाणी जमिनीवर सोडू नका. युटातल्या मोआबच्या आसपास किंवा कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत, सरकारी जमिनीवर, सगळ्यांना तिथेच पुन्हा तंबू टाकायचा असतो. बीएलएमच्या (केंद्र सरकारचं जमीन सांभाळणारं खातं) मोकळ्या जमिनीवर सर्वसाधारण मर्यादा २८ दिवसांत १४ दिवसांची असते, पण स्थळानुसार नियम बदलतात.

नोंदणी कार्गोची ठेवायची की आरव्हीची करायची हे राज्याराज्यांत वेगळं आहे. विमा कंपनीला मात्र आत झोपण्याची सोय केली आहे हे आधी कळवा आणि उत्तर लेखी घ्या.

वजनकाटा आणि पहिली फेरी

सगळं भरून, बाइक बांधून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर जा. एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा सोडून गाडीचं वजन घ्या. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (टंगचा भार सगळ्या चाकांवर वाटणारी जोडणी) असेल तर त्याच्या दांड्या सैल करून. गाडीच्या दोन्ही अ‍ॅक्सलच्या बेरजेत जो फरक येतो तेच टंगचं वजन. १० टक्क्यांखाली आलं तर ओट्याखालचं सामान पुढे, नाहीतर बाइकच चॉकसकट अर्धा फूट पुढे. एल-ट्रॅकचा फायदा इथे दिसतो.

पहिली फेरी घरापासून ५० मैलांच्या आत, एक रात्र. चाकांचे नट १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. अर्ध्या इंची स्टडला ९० ते १२० फूट-पौंड, नेमका आकडा ट्रेलरच्या पुस्तिकेत असतो. ब्रेकअवेची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी) पिन ओढून चाकं जाम होतात का ते बघा. वेग ट्रेलरच्या टायरला झेपेल तेवढाच, आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायदाच ५५ मैलांचा आहे.

पाचशे मैल झाल्यावर डी-रिंगचे बोल्ट पुन्हा आवळा. लोखंडी पट्टी आणि वॉशरखाली प्लाय दबलेला असतो आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेला बोल्ट हाताने फिरतो. त्याच दिवशी छतावर चढून पंख्याभोवतीच्या सीलंटवर बोट फिरवा. बारीक केसाएवढी भेग दिसली तरी तिथे पुन्हा एक थर.